माझे व्याही आणि शाळेपुढचे वळण

या पृथ्वीतलावर जे जे म्हणून वेगाने चालते, त्या सर्वांविषयी मनात कायमचा संशय बाळगणारा मनुष्य एकच आहे, आणि नियतीने त्यालाच माझा व्याही केले आहे. माझी धाकटी लेक गावातल्या गावात त्यांच्या थोरल्या मुलाला दिली, तेव्हा घर चांगले, माणसे निर्व्यसनी, घरापुढे डांबरी रस्ता, एवढेच मी पाहिले होते. त्या डांबरी रस्त्यापायी पुढे माझी लेखणी किती झिजणार आहे, याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो की, मी तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून गेली पंचवीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीची परीक्षा व मी यांच्यात मतभेद झाल्याने तो विषय तेथेच थांबला. तथापि माझ्या अर्जांची भाषा वाचून एकदा एका बदलून आलेल्या साहेबांनी, “हे कोणत्या वकिलाने लिहिले?” असे विचारल्याचे संपूर्ण कचेरीला ठाऊक आहे. सांगायचा मुद्दा हा की, जगाला मी विचार करून होकार देतो, परंतु लेकीच्या सासऱ्याला नकार देण्याची सोय आमच्याकडे नाही. ते दारात येऊन “इवाई, जरा लिवा” म्हणाले की मला टोपण काढावेच लागते.

माझे व्याही तीस वर्षे एस.टी.च्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते. येडशीच्या घाटातल्या वळणांवरून त्यांनी गाडी ज्या गतीने नेली, त्या गतीने माणूस फार तर मूर्तीची मिरवणूक नेतो. त्यांच्या गाडीत बाळंतपणाला निघालेल्या लेकी निर्धास्त बसत, आणि कोर्टाची तारीख असलेले पक्षकार चुकूनही बसत नसत. तीस वर्षांत माणूस सोडाच, कोंबडीसुद्धा त्यांच्या चाकाखाली आली नाही. निवृत्त होताना त्यांना विनाअपघात सेवेचा एक पितळी बिल्ला मिळाला. तो त्यांनी त्या दिवशी सदऱ्याला जो लावला, तो लावलाच. शेतात औत धरताना बिल्ला, मयतीला खांदा देताना बिल्ला, आणि दाढीच्या दुकानात अंगावर पांढरे कापड पांघरले की ते तो काढून कापडावर लावून घेत. माझ्या लेकीच्या लग्नात नवरानवरीची जीप त्यांनी स्वतः चालवली. जानवसा ते मांडव हे अंतर अर्ध्या कोसाचे. वाजंत्री पुढे जाऊन, वाजवून, चहा पिऊन परत आली तरी जीप मारुतीच्या देवळापाशीच होती. भटजी घड्याळ दाखवून ओरडू लागले, तेव्हा काचेतून मान बाहेर काढून व्याही शांतपणे म्हणाले, “गुरुजी, मुहूर्त दुसरा काढता येतोय. सून दुसरी कुठनं आणू?” मुहूर्त टळला, परंतु मुलीचा बाप म्हणून मी त्या दिवशी मनातल्या मनात समाधान पावलो, हे येथे कबूल करतो.

गावच्या बातम्यांचे वितरण त्यांच्याकडेच आहे. दररोज सकाळी मी कचेरीला निघण्यापूर्वी ते माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि आदल्या दिवशी कोण कोठे मरता मरता वाचले, याचा अहवाल देतात. त्यांच्या घरासमोर, म्हणजे ईट गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावची शाळा आहे आणि शाळेच्या फाटकापुढेच एक आंधळे वळण आहे. या वळणावर त्यांची खुर्ची असते आणि खुर्चीवर एक शंभर पानी वही असते. “मेलेल्याची नोंद ग्रामपंचायत ठिवती,” ते सांगतात, “वाचलेल्याची कुणी ठिवायची?” म्हणून ते ठेवतात. टिपरखालून एका विताने वाचलेली म्हातारी, उसाच्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीने ज्याची केवळ टोपी नेली तो तलाठी, मोबाईलवर बोलत रस्ता ओलांडणारे सरपंच, असे सर्वजण त्या वहीत तारीखवार आहेत. नोंद झाली की व्याही खिशातली कागदाची पुडी सोडतात आणि त्या इसमाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवतात. “घ्या. दुसरा जन्म झाला तुमचा.” आपण मरणार होतो हे ज्यांच्या ध्यानीमनीही नसते, त्यांचे हातपाय या साखरेने गळतात. तलाठी तर घरी जाऊन निजले आणि दोन दिवस सातबारे मिळाले नाहीत. माझ्या विहीणबाईंचे म्हणणे एवढेच की, “घरातल्या चहाला साखर न्हाय, अन् ह्यांचं रस्त्यावर वाटप चालूय.”

व्याह्यांची मागणी साधी होती. शाळेपुढे गतिरोधक. आमची दोघांची नात त्याच शाळेत दुसरीला जाते, पण ते तिचे नाव कधी घेत नसत, “पोरं” म्हणत. या विषयावर मी एकूण नऊ अर्ज लिहिले, आणि स्वतःच्या कामाची स्तुती करू नये, तरी पण चौथा अर्ज वाचून टपालाच्या कारकुनाचे डोळे भरून आले होते. शेवटी रस्त्याच्या ऑफिसातून उत्तर आले. मी ते ओट्यावर मोठ्याने वाचले : सदर ठिकाणी अपघाताची कोणतीही नोंद आढळून येत नसल्याने गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.

व्याह्यांनी वही पुढे केली. “ही नोंद न्हाय व्हय?”

“ही वाचलेल्यांची आहे, व्याहीबुवा. त्यांना पडलेल्यांची लागते.”

“म्हंजी एक लेकरू जाईस्तवर दम खायचा?”

मी अर्जनवीस आहे, शासन नाही. मी चष्मा पुसला.

त्यानंतर चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी कचेरीला जाताना पाहतो तो, शाळेपुढे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सोयाबीन पसरलेले आणि व्याही खुर्चीवर. हंगामात आमच्याकडे डांबरी रस्त्याचे खळे होतेच. वाहने वरून जातात, शेंगा फुटतात, आणि मालावरून गाडी भरधाव न्यायची नाही, हा कोठेही न लिहिलेला कायदा झाडून सगळे ड्रायव्हर पाळतात. व्याह्यांना तो आयुष्यभर ठाऊक होता. आता त्यांनी त्याचा उपयोग केला. गाणी लावून येणारे ट्रॅक्टर सोयाबीन दिसताच आवाजासकट मंद होत. “बगा इवाई,” ते म्हणाले, “शाळेची पाटी बघून ब्रेक लागत न्हाय. शेंग बघून लागतोय.”

येथवर ठीक होते. पण हंगाम संपला, सगळ्या गावाचे सोयाबीन घरात गेले, आणि व्याह्यांचे रस्त्यावरच राहिले. दाणे केव्हाच काढून झाले होते. उरले होते नुसते भुसकट. ते भुसकट शाळा भरण्यापूर्वी ते फावड्याने पसरत आणि शाळा सुटल्यावर पोत्यात भरून घरी नेत. दोन महिने त्याच भुसकटाची मळणी चालली होती. कोणी विचारले की, “अजून वाळंना बगा,” म्हणत. वाऱ्याने उडाले की शेजाऱ्यांकडून भुसकट उसने आणत, आणि गुरांच्या तोंडचा घास रस्त्यावर टाकणारा माणूस म्हणून त्यांची वेगळी ख्याती झाली.

आणि एका दवाच्या सकाळी बशीरभाई दूधवाल्यांची मोटारसायकल त्या ओल्या भुसकटावरून घसरली. कॅन एकीकडे, बशीरभाई दुसरीकडे. कोपर फुटले, गुडघा सोलला, आणि वळणापासून नाल्यापर्यंत दूधच दूध. त्याच दिवशी कोपराला पांढरी पट्टी बांधून ते कचेरीबाहेर माझ्यासमोर बसले.

“भाऊ, अर्ज लिवा. असा लिवा की वाचणाऱ्याचा पंखा बंद पडला पाहिजे.”

“कोणाविरुद्ध?”

बशीरभाईंनी इकडेतिकडे पाहिले. “तुम्हाला ठाऊक नै क्या? पण नाव नक्को. पोरगी दिलीय तुम्ही त्या घरात. अज्ञात इसम लिवा.”

आता माझ्या व्यवसायाचा धर्म असा की, जो समोर बसेल त्याची बाजू माझी. सकाळी एका भावाचा अर्ज व दुपारी त्याच्याविरुद्ध दुसऱ्या भावाचा अर्ज मी सारख्याच तळमळीने लिहिलेला आहे. मी लेखणी उचलली, आणि खरे सांगतो, एकदा वाक्य धावू लागले की मला नातेगोते दिसत नाही. “सदर अज्ञात, अविचारी व मानवी जीविताविषयी नितांत बेपर्वा इसमाने सार्वजनिक रस्त्यास स्वतःचे खळे समजून” असा प्रारंभ झाला. बशीरभाईंनी तो ऐकला आणि दुखऱ्या हाताने मला सलाम केला.

नऊ अर्जांना जे जमले नाही, ते या दहाव्याला जमले. तिसऱ्याच दिवशी हवालदार पंचनाम्याला गावात हजर. शनिवारी कचेरी बंद असल्याने मी घरी होतो, आणि लिहिता-वाचता प्रतिष्ठित नागरिक म्हणून पंच व्हायला मलाच बोलावले. शाळेपुढे गाव जमले. हवालदारांनी तक्रार मोठ्याने वाचायला घेतली. माझ्या जन्मात माझाच मजकूर मला एवढा लांब वाटलेला नाही. “अविचारी” शब्दाला व्याह्यांनी मान डोलावली. “नितांत बेपर्वा” आले तेव्हा ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “झ्याक लिवलंय. ‘नितांत’ तुमच्याबिगर ह्या तालुक्यात कोण लिवतंय, इवाई?”

मी जमिनीकडे पाहिले. जमिनीवर भुसकट होते.

“हे कुणी पसरलं?” हवालदारांनी विचारले. गाव झाडावरची पाखरे मोजू लागले. बशीरभाईसुद्धा आभाळाकडे पाहू लागले. मी व्याह्यांना बाजूला घेतले आणि समजावले की, बोलू नका. वाऱ्याने आले, जनावरांनी आणले, काहीही निघते. पुढचे कागद मी पाहतो. तीस वर्षांच्या सेवेवर डाग कशाला?

त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकले, मग वळून हवालदारांना विचारले, “साहेब, कुणीच कबूल न्हाय झालं तर?”

“मग काय? गडी घसरून पडला. फाईल बंद.”

“अन् झालं कबूल, तर ह्या जागंवर अपघात झाला म्हणून नोंद व्हईल? सही-शिक्क्याची?”

“व्हणारच की. गुन्हाच हाय त्यो.”

व्याह्यांनी एकदा वळणाकडे पाहिले. मग म्हणाले, “लिवून घ्या. म्या पसरलं. रोज पसरत हुतो. अपघात माझ्यामुळं झाला.”

हवालदारांची नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. “आजोबा, विनाअपघाताचा बिल्ला लावून अपघात करता व्हय?” गर्दी हसली. मीही हसलो असेन. पंच होतो, गर्दीबरोबर हसू येते. व्याह्यांनी सदऱ्याला हात घातला. पिन गंजलेली होती, निघता निघत नव्हती. निघाली तेव्हा त्यांनी बिल्ला हवालदारांना दाखवला नाही की मला. सरळ खिशात टाकला, साखरेच्या पुडीशेजारी. नंतर पुडी काढून ते बशीरभाईंकडे गेले, त्यांच्या चांगल्या हातावर चिमूट ठेवली आणि म्हणाले, “माफी करा, भाई. दुसरा जन्म झाला तुमचा.”

“काका, कॅनचं तोंड वाकडं झालंय तेवढं,” बशीरभाई साखर तोंडात टाकत म्हणाले, “माझं हाय तसंच हाय.”

व्याह्यांना कडक समज देऊन सोडण्यात आले. पंचनाम्याची नक्कल जोडून मी त्यांच्या नावाने पुन्हा एक अर्ज केला. त्यात एकही विशेषण घातले नाही. घालावेसेच वाटले नाही. गुढीपाडव्याच्या आत शाळेपुढे गतिरोधक झाला. रस्त्याच्या ऑफिसने इतक्या वर्षांची कसर एकदम काढली असावी, कारण तो इतका उंच आहे की सरपंचांच्या गाडीचे पोट घासते, आणि वरात आली की नवरदेवाला उतरून चालावे लागते. गावाच्या मोबाईल ग्रुपवर त्याला रोज शिव्या पडतात. नात मात्र मधल्या सुट्टीत त्याच्यावर बसून चिंचा खाते, आणि ट्रॅक्टर तिच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबून, ती उठेपर्यंत, गाणे बारीक करून उभा राहतो.

व्याही सकाळी अजून ओट्यावर येतात, पण बातमी नसते. वहीत बशीरभाईंच्या पुढे पाने कोरी आहेत. ती शेवटची नोंद मी पाहिली : नाव, तारीख, आणि जेथे ते वाहनाचा नंबर लिहीत तेथे “मी”. सदऱ्यावर खिशाच्या वर पिनेची दोन भोके आहेत. विहीणबाईंनी ती शिवून द्यायला काढली, तर “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले.

त्यांना न सांगता मी एक अर्ज लिहायला घेतला आहे. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच अर्ज, जो समोर कोणी बसलेले नसताना मी लिहितो आहे. मजकूर तयार आहे : सदर इसमाने आयुष्यात केलेला एकमेव अपघात हा त्याच्या विनाअपघात सेवेतच धरण्यात यावा, व त्याचा बिल्ला त्यास पूर्ववत लावण्याची परवानगी व्हावी, ही विनंती. भाषेत कोठेही खोट नाही. फक्त वर “प्रति” असे लिहून मी थांबलो आहे. पंचवीस वर्षे या तालुक्यातले एकूण एक ऑफिस मला तोंडपाठ आहे. पण हा अर्ज कोणाच्या नावे करावा, ते मला अजून सुचलेले नाही.