होळीनंतरचं पाणी

महाडच्या आमच्या कॉलेजात मी हुशार म्हणून ओळखली जात असे, आणि ती ओळख मी जिवापाड जपत असे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना एका ट्रस्टची शिष्यवृत्ती जाहीर झाली. स्वच्छ तंत्रज्ञानाचा प्रकल्प करून दाखवायचा, आणि ज्याची निवड होईल त्याच्या मुंबईतल्या पुढच्या शिक्षणाचा खर्च राहण्याजेवणासकट ट्रस्ट करणार. निवड एकाचीच. आमच्या कॉलेजातून शेवटच्या फेरीत दोघी पोचलो, मी आणि माझ्याच बाकावर बसणारी मुलगी.

ती पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरमाथ्यावर म्हशी राखणाऱ्यांच्या वाडीतली. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेली. महाडला वसतिगृहात राहायची. वर्गात तोंडातून शब्द काढेल तर शपथ. गणित मात्र माझ्याआधी सोडवून गुपचूप पेन खाली ठेवायची, आणि ते मला चांगलंच झोंबायचं. माझे वडील शिक्षक. शिष्यवृत्ती मिळो न मिळो, ते मला पुढे शिकवणारच होते. तिचं तसं नव्हतं. परीक्षा संपली की वाडीत परत, आणि लग्नाची बोलणी तर सुरूही झाली होती. हे तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं, उद्याची एसटी किती वाजता आहे हे सांगावं तसं.

माझा प्रकल्प म्हणजे कोळसा आणि वाळूची गाळणी. प्रयोगशाळेत मीच पाण्यात रंग कालवायचा, मीच तो गाळायचा, आणि नितळ पाण्याची बाटली सगळ्यांना दाखवत फिरायचं. तिचा प्रकल्प बघायला मी दिवाळीच्या सुट्टीत वाडीवर गेले. एसटीतून उतरून डोंगर चढताना निम्म्या वाटेतच माझा शिष्टपणा गळून पडला. वाडीत वीज पोचली नव्हती. वरच्या झऱ्याचं पाणी ओढ्यातून खाली उतरत होतं, ते तिनं पाइपातून आणून सायकलच्या चाकावर सोडलं होतं. चाकाच्या कडेला तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून केलेल्या वाट्या, चाकाला टेकवलेले दोन डायनामो, आणि तिथून घरांत गेलेल्या तारा. दिवेलागणीला तिनं पाणी सोडलं. चाक आधी कुरकुरलं, मग घुमायला लागलं, आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या डोक्यावर इवलासा बल्ब पेटला. आमच्या घरी ट्यूबलाइट होती. दिवा काही मी पहिल्यांदा पाहत नव्हते. तरी अंगावर काटा आला. पाण्यातून उजेड निघतो हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं, खरं मानलं ते त्या संध्याकाळी.

परीक्षक थंडीत यायचे होते. त्यांचं येणं लांबत लांबत होळीच्या पुढे गेलं. चवदार तळ्यावरचा मार्चचा मेळावाही आटोपला, आणि मग निरोप आला, की प्रत्येक प्रकल्प जागेवर चालताना बघू. तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे पाऊस बेसुमार पडतो आणि डोंगर ते सगळं पाणी खाली सोडून मोकळे होतात. होळीनंतर वाडीच्या ओढ्यात पाऊल भिजेल एवढंही पाणी नसतं. झऱ्याला करंगळीएवढी धार उरते, ती प्यायला. तिनं हे कॉलेजातल्या आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, मग चाक हातानं फिरवून दाखव.

परीक्षक दोघे होते, एक वयस्कर साहेब आणि एक प्राध्यापक बाई. सकाळी त्यांनी माझी गाळणी पाहिली आणि खूश झाले. मग आम्हां दोघींना जीपमध्ये घेऊन पोलादपूरकडे निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच चढून बसले. तिचं काय होतंय ते मला बघायचंच होतं.

चढ संपून वाडी दिसू लागली तसा चाकाचा आवाज आला. माझ्यापुढे चालणारी ती जागच्या जागी थबकली. ओढा कोरडा ठणठणीत, आणि चाक भिंगरीसारखं फिरत होतं. अंधाऱ्या घरांत भर दुपारी बल्ब लागलेले. साहेब वाहवा करत लिहून घेऊ लागले. ती पाइपाच्या कडेनं वर धावली, तिच्यामागे आम्ही धापा टाकत.

झऱ्यापाशी पदर खोचून तिची आत्या उभी होती. दगड, माती आणि पेंढा घालून वाडीनं झऱ्याचं पाणी अडवलं होतं. कित्येक दिवस त्या धारेतला थेंबही कुणी घेतला नव्हता. बायका डोंगर उतरून खालच्या गावातून हंडे आणत होत्या, म्हशींना पाण्यावर दरीत नेत होते. वसतिगृहात राहणाऱ्या तिला यातलं काही कळू दिलं नव्हतं.

"पाव्हनं तुजं काम बगाया येनार," आत्या म्हणाली, "मंग चाक उभं कसं ठेवायचं गो?"

मी त्या साठवलेल्या पाण्याकडे बघतच राहिले. तळाचे खडे दिसत होते. एका पोरीसाठी अख्ख्या वाडीनं आपली तहान लांबवली होती, आणि ते पाणी आमच्या डोळ्यांदेखत पाइपातून खाली चाललं होतं.

तिनं आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात कोण धरणार? मुंबई तिच्या पदरात पडल्यातच जमा होती. तिनं चिंध्यांचा बोळा उचलला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला. खाली चाकाचा आवाज मंदावत थांबला.

"साहेब, हे प्यायचं पाणी आहे," ती म्हणाली. "होळीनंतर आमच्याकडे चाक फिरत नाही. आज पाहिलंत ते हिशेबात धरू नका."

आत्यानं कपाळाला हात लावला. साहेब लिहायचे थांबले. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, की शिष्यवृत्ती मिळाली तर काय शिकशील?

"पाणी धरून कसं ठेवायचं ते. दिवा नंतर."

मग वाडीच्या रिवाजानं पाहुण्यांपुढे गूळपाणी आलं. साहेब पेला हातात धरून नुसते उभे. तो तोंडाला लावावा की नाही, त्यांना कळेना. पाहुणा पाणी घेतल्याशिवाय माघारी जात नसतो, असं आत्यानं बजावलं, तेव्हा एक थेंब न सांडता ते घोटघोट प्याले. मीही तशीच प्याले.

शिष्यवृत्तीचा निकाल परीक्षेनंतर लागला. निवड तिची झाली. माझे वडील पुष्कळ धुसफुसले. मी मुळीच धुसफुसले नाही, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. वाडीत फोन कुठला, सांगायला मीच गेले. वैशाखाचं ऊन होतं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती खालच्या गावातून चढत होती, मागोमाग आत्या. मी बातमी सांगितली तशी ती ओझं न उतरवताच उभी राहिली. आनंदली असं मला वाटलं, तोवर ती आत्याकडे वळली आणि म्हणाली, की मी गेले तर पाण्याला तू एकटीच उरतेस. तिला नाही म्हणायचं होतं. मला ते स्पष्ट दिसलं.

आत्याच्या डोक्यावर हंडा होताच. तिनं पुढे होऊन भाचीच्या कमरेवरची कळशी काढून आपल्या कमरेवर घेतली.

"जा तू," ती म्हणाली. "तुज्या वाटचं पानी मी आनीन."

आणि आमच्या पुढे होऊन ती चढू लागली.