मिशीवाचून गणपतराव

माझे वडील दोन वेळा वारले. दुसऱ्या वेळी म्हातारपणाने वारले आणि पहिल्या वेळी माझ्यामुळे.

तेव्हा आमच्याकडे हैद्राबादचं राज्य होतं. उर्दूची परीक्षा पास होऊन मी जालन्याच्या एका शाळेत मास्तर झालो होतो आणि मस्तगडात खोली घेऊन राहत होतो. शाळेतली पोरं मला 'मास्टरसाब' म्हणत. पण आमच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला, मी गणप्याच होतो. नुसता गणप्या असतो तरी चाललं असतं. मी 'विहिरीत पडलेला गणप्या' होतो. (एकदाच पडलो होतो, तेही सातव्या वर्षी. आमच्या गावाला विसरायची सवय नाही.) सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने हे किती दिवस सोसायचं? मी ठरवून टाकलं, की या सुट्टीत गावात गणप्या जाणार नाही, गणपतराव जाईल.

गणपतराव कसा दिसतो हे मला बराबर ठाऊक होतं, कारण तो आमच्या हेडमास्तरांसारखा दिसणार होता. पांढरी शेरवानी, पायात बूट, अगदी बारीक कापलेले केस आणि वरचा ओठ गुळगुळीत. त्यांना पाहून कचेरीतले कारकूनसुद्धा उठून उभे राहत. मी शेरवानी शिवून घेतली, बूट घेतले आणि चौकातल्या न्हाव्यापुढे जाऊन बसलो.

"मिशा उतरव," मी म्हणालो.

त्याने वस्तरा खाली ठेवला. "मास्टरसाब, घर में सब खैरियत?"

"बिलकुल खैरियत. फॅशन है."

आता आमच्या लोकांत बाप जिवंत असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत नाही. बाप गेला की मुलाने डोकं आणि मिशी उतरवायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस शिकला, की ठाऊक असलेल्या गोष्टी त्याला लागू होत नाहीत, अशी माझी त्या वयात समजूत होती.

वडील, म्हणजे आबा, तेव्हा माझ्याच खोलीवर होते. खोकला हटत नव्हता म्हणून हकिमाच्या औषधासाठी मीच त्यांना महिन्यापूर्वी आणलं होतं. आता खोकला गेला होता आणि दोन वेळा पोटभर जेवत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून गावी जाणार होतो. त्यांनी मला पाहिलं आणि हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मी मेलो का रे?"

"नाही, आबा."

"मंग हे काय?"

"आजकाल शिकलेले लोक असंच ठेवतात."

"मिशा येईस्तोर मला तोंड दाखवू नको," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मलाही राग आला. सकाळी मी एकटाच निघालो.

भोकरदनपर्यंत मोटार आणि पुढे पायी. उन्हाने डोकं तापलं, म्हणून टोपी काढून काखेत घेतली. (कापलेले केसही दिसायला हवे होते, नाहीतर ते कापले कशाला?) वेशीजवळच्या पारावर चारपाच जण बसले होते. मला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. एक उठला, मग सगळेच उठले. एका म्हाताऱ्याने तर डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. मला भरून आलं. एवढा मान हेडमास्तरांनाही कोणी दिला नव्हता. मी हेडमास्तरांसारखी मान किंचित झुकवली आणि एक शब्द न बोलता पुढे निघालो. ते सगळे माझ्या मागोमाग, तसेच मुकाट्याने, आमच्या घरापर्यंत आले.

माय शेतात गेल्ती. काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. हळूहळू अंगण भरलं. कोणी काही विचारीना. असल्या वेळी विचारायचं नसतं, नुसतं येऊन बसायचं असतं, हा आमच्याकडचा रिवाज. मला वाटलं, शेरवानीपुढे बोलायची कोणाची हिंमत होत नाही. तेवढ्यात शेजारच्या वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. मी मात्र जरा नाराज झालो. एवढ्या मोठ्या सत्काराला पिठलं? पण भूक लागली होती, म्हणून तीन भाकरी खाल्ल्या. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं.

हात धुऊन मी उभा राहिलो. भाषण मोटारीतच जुळवून ठेवलं होतं.

"मंडळी, आजपासून मला कोणी गणप्या म्हणायचं नाही. गणपतराव म्हणायचं."

काकांनी डोकं वर केलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आज तरी ऱ्हाऊ दे रे. माझा भाऊ गेला, अन् तुला रावपणाची पडली?"

काकांना भाऊ एकच होता. माझा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. ते मला पाराजवळच कळायला हवं होतं.

"काका, आबा जिवंत आहेत. खडखडीत बरे आहेत."

"पोराच्या डोक्यावर परिणाम झाला," कोणीतरी हळूच म्हणालं. दोघांनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिसऱ्याने माझ्या डोक्यावर घागर ओतली. शेरवानीचं काय झालं ते सांगत नाही.

त्याच वेळी माय दारात आली. तिला शेतात निरोप गेल्ता. तिच्या हातात अजून खुरपं होतं. तिने माझ्या ओठाकडे पाहिलं, मटकन खाली बसली आणि डावा हात उंबऱ्यावर आपटला. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींची चेष्टा केली, त्या आवाजाची मला आजही करता येत नाही.

तिने उजवा हात उचलला. मी धावत जाऊन तो धरला.

"माय, थांब. आबा चांगले आहेत. काल रात्री जेवले, मला शिव्या दिल्या."

"मंग मिशा कशापायी काढल्या?"

गळू झालं होतं म्हणावं, न्हाव्याचा हात घसरला म्हणावं, असं पुष्कळ मनात आलं. पण तिचा हात माझ्या हातात होता. खोटं बोललो असतो तर तो मला धरून ठेवता आला नसता.

"चांगलं दिसावं म्हणून," मी म्हणालो.

कोणाचाही विश्वास बसला नाही. "असं कुणी करत असतं का?" पाराजवळचा म्हातारा म्हणाला. "मायला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला बिचारा," काका म्हणाले. मायने मात्र माझ्या ओठाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने डोळे पुसले.

"न्हाई, खरं बोलून राह्यलं. हे येडं असंच करील."

ती उठली आणि तिने चूल पेटवली. तिच्या त्या एका वाक्याने माझी जी अब्रू गेली, तिचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

आबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. रात्रभर तळमळून त्यांच्या ध्यानात आलं होतं, की हा मुलगा असा गावात गेला तर काय होईल. अंगणातली माणसं तोवर हललीच नव्हती. काका त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. आबांनी मायचा रिकामा डावा हात पाहिला. तसेच मागे फिरले, कासाराला घेऊन आले आणि तिचा हात भरेपर्यंत शेजारी बसून राहिले.

त्याच सुट्टीत परतूरची मंडळी मला मुलगी द्यावी का, हे पाहायला आली. ओठावर तोवर नुसती काळपट झाक आली होती. मायने धोका पत्करला नाही. पाहुण्यांच्या समोर दारातच आबांची बाज टाकली आणि त्यांना सारखं काहीतरी बोलत राहायला सांगितलं. मी धुऊन आटलेली शेरवानी घालून कोपऱ्यात बसलो होतो. पाहुणे तासभर आबांशी पीकपाण्याच्या गप्पा मारत बसले, मधूनच माझ्या ओठाकडे पाहत आणि पुन्हा आबांकडे वळत. निघताना मुलीचे वडील काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "वडील आम्हाला पसंत हायेत. मुलाचं, मिशा आल्यावर पाहू."