गार्ड कोणी काढला

अंबडला कंपनीत लागले म्हणून सायखेडा सोडलं, तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभे राहून वडील, आमचे तात्या, एकच सांगत होते, "इंग्रजी सोडू नको. त्यानंच तू पुढं जाशील." खरं झालं. मशीनवरून मी सुपरवायझर झाले. शाळेत बाईंनी भविष्यकाळ आणि पॅसिव्ह व्हॉइस घोटून घेतले होते. रामाने आंबा खाल्ला, आंबा रामाकडून खाल्ला गेला. आम्ही हसत पाठ केलं. हे कशासाठी, ते मात्र अंबडला येऊन कळलं.

गेल्या महिन्यात प्रेस मशीनवर माझ्या हाताखालच्या सुनंदाताईंची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळीचा गार्ड असतो. माल घाईचा असला की आमच्याकडे तो काढून ठेवतात. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी माझ्यादेखत काढायला लावला. मी हरकत घेतली, तर म्हणाले, गाडी खोळंबलीय.

रिपोर्ट लिहायला मलाच बसवलं. साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचं ग्रामर पक्कं आहे. गार्ड काढला गेला होता, असं लिहा. नावं कशाला? आणि शेवटी, यापुढे काळजी घेतली जाईल."

कोण घेणार काळजी? कधी? माझं डोकं तडकलं. गार्ड काय आपोआप उतरला? कोणाचंच नाव नसलं की दोष सुनंदाताईंच्या माथी येणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर सांगत होते. असलीच वाक्यं बिनचूक लिहिली म्हणून शाळेत माझी पाठ थोपटली जायची.

मी लिहिलं, गार्ड मॅनेजरसाहेबांनी काढायला सांगितला. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं.

तात्यांचा फोन आला. "मोठ्या माणसाशी वाकडं घेतलंस. आता बास झालं, घरी ये."

तात्या, सणाला येईन. वांग्याची भाजी खाईन, सगळ्यांना भेटेन आणि निघेन. इथल्या खोलीत पाणी दिवसाआड येतं, घरमालक कटकट्या आहे. तरी जिथं माझ्या बोलण्यावर कोणाचं तरी अडलंय, तेच आता माझं घर. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. सुनंदाताई एकट्या जाणार नाहीत. मी बरोबर जाणार आहे, आणि साहेबांसमोर साहेबांचं नाव घेणार आहे.