साहेबाच्या घराण्याचं चौकटीचं कापड

दिवसभर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. हात गुंतलेले, पाय गुंतलेले, मोकळं काय तर तोंड! मालेगावच्या आमच्या शेडमध्ये म्हणून कापड कमी आणि किस्से जास्त निघायचे. आता पाठ वाकली, गुडघे गेले. किस्से तेवढे राहिले.

सगळ्यात जास्त किस्से दिले ते कापसाच्या जिनातल्या साहेबाच्या ऑर्डरनं. साहेब स्कॉटलंडचा. मराठी जिनातल्या हमालांकडून शिकलेला, त्यामुळे आमच्यासारखीच बोलायचा. एक दिवस तो जुनं लोकरीचं कापड घेऊन आला. तांबड्या-हिरव्या चौकटी, मधून पिवळी रेघ. म्हणाला, “हे आमच्या घराण्याचं कापड हाय. असंच सुतात पाह्यजे. या चौकटी दुसऱ्या कोणाच्या नसतात.”

माझ्या शेजारच्या मागावर सखाराम. तो कौतुकानं म्हणाला, “हे बेस हाय बापा! जत्रेत पोरगं हरवलं तं कापड पाहून घरी आणून देतीन!”

*

ताणा, म्हणजे उभे दोरे, लावताना एकेक दोरा मोजायचा. चोवीस तांबडे, चोवीस हिरवे, दोन पिवळे, पुन्हा तेच. एक चुकला की चौकट बिघडली. आणि नेमके आमचे मालक मधेच येऊन विचारायचे, “कुठवर आलं रे?” झालं! मोजणी विसरली, पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसातून पाच-सहा वेळा. नुसता वैताग!

रात्री सखारामाला बायकोनं विचारलं, “भाकरी किती वाढू?”

“चोवीस हिरव्या!”

तिनं दोन वाढल्या. म्हणाली, “बाकीच्या मालकाले मागा.”

*

पहिला तुकडा उतरला. साहेब आला, बघतच राहिला. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी रुईफुली काठ घातला होता आणि टोकाला झकास पदर! कोणी सांगितलं नव्हतं, पण आमचा हात काठाशिवाय चालतच नाही.

“काठ काहून घातला?” साहेब कळवळला. “हे आमच्याकडं माणसं कमरेले गुंडाळतात!”

“आमी बी धोतर नेसतो, साहेब,” सखाराम म्हणाला. “पण काठ असल्याबिगर नाई!”

आठ दिवसांची मेहनत गेली. मालक आमच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तेवढाच आराम.

*

दुसरा तुकडा, ताणा आम्हीच लावून, महादूजीकडे विणायला दिला. माझ्या दुसऱ्या बाजूला बसणारा, शेडमधला सगळ्यात जुना विणकर. तीस वर्षं याच मागावर. शेत नाही, पोरगं नाही, दुसरा हुन्नर नाही. माग सुटला तर म्हातारपणी लोकाच्या वावरात निंदायला जायचं.

महादूजी आडव्या दोऱ्याची कांडी धोट्यात भरून तो ताण्यातून कसा फेकतो, ते साहेब यावेळी रोज बघायला येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “महादूजी, कांडी धोट्यात घालायच्या आधी तुमी दोऱ्याचं टोक काहून चाचपता?”

महादूजीचा हात थांबला. शेजारी मी, सखाराम, मागे मालक. त्याला खोटं बोलता यायचं नाही, हीच त्याची खोड.

“मले तांबडं न हिरवं सारखंच दिसते, साहेब,” तो खाली बघत म्हणाला. “लहानपणापासून. बायको कांड्या भरते, तं टोकाले गाठी मारून देते. एक गाठ तांबडं, दोन गाठी हिरवं.”

सगळे माग थांबले. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो, मला पत्ता नव्हता!

मालक रागानं लालेलाल. “तीस वर्षं मले फसवलं? आंधळ्याच्या हाती रंगीत माल देत आलो मी! ऊठ! ऊठ मागावरून!”

महादूजी खड्ड्याच्या काठाला धरून उठायला लागला. मी हात दिला.

साहेब मात्र जागचा हलला नाही. बसल्या बसल्या त्यानं डाव्या पायाचा बूट काढला. मग मोजा काढला, उलटा केला आणि मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो नाइलाजानं दोन बोटांत धरला. आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याच्या दोन गाठी होत्या.

“आमच्या मेमसाबनं मारल्या, मले मोज्याचा रंग कळावा म्हणून,” साहेब म्हणाला. “आता मले बी जिनातून उठवता का, मालक?”