मशिनीला पाजलेला नारळ

पिंगळीचे लिंबाजीमामा नसते, तर मी ट्रंक उचलून कधीच कोकणात परतलो असतो. मामा गेले, त्याला तीन आठवडे झाले. त्यांची मुलगी सुनंदा सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला आली, आमच्या छापखान्याच्या दारात उभी राहिली. "दादा, आबा गेले... झोपेतच." हातात त्यांचा जर्मनचा डबा होता. विद्यापीठाचं नामांतर झाल्याची बातमी त्यांनी स्वतः जुळवलेल्या रेडिओवर ऐकली, तेवढं मात्र त्यांच्या मनासारखं झालं.

मी नववीत शाळा सोडलेला, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस. मालकांनी औरंगाबादला एका कचेरीच्या लिलावातून जुना कॉम्प्युटर उचलला, तो माझ्या हट्टापायी. लिलावात चालू करून दाखवत नाहीत, झाकण उघडू देत नाहीत; आहे तसा न्यायचा. एसटीच्या टपावरून गादीत गुंडाळून तो आला. मालक म्हणाले, "चालला तर त्याच्यावर तूच बसायचं. न्हाई चालला तर तुझं काय करायचं ते बघू."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मालक पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलेले. छापयंत्रावर दरवर्षी फोडतो तसा आईनं गावाहून धाडलेला नारळ मी कॉम्प्युटरवर फोडला. लोखंडावरून पाणी ओघळून जातं. इथं ते सगळं किबोर्डात शिरलं. घाईघाईनं पुसलं, झेंडू वाहिला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. मालक आल्यावर मी एवढंच म्हणालो, "माल जुना आहे ना..." आणि नजर चुकवली.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान परभणी स्टेशनजवळ. कॉम्प्युटर त्यांनी कधी उघडला नव्हता, तरी दुरुस्तीला घेतला. किबोर्ड उलटा केला, आतून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं.

"गोड लागायलंय की रे, कोकण्या. नारळ व्हय?"

मग मला लपवताच येईना. सगळं सांगून टाकलं. "मीच मारला तो, मामा."

मामा इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "आमच्यात नारळ फोडत न्हाईत, म्हणून आमच्या मशिनी चालायल्यात बघ!" मग पेटी उघडून त्यांनी मला जवळ ओढलं. आतल्या पाटीवर एक लहानशी बॅटरी गळली होती आणि भोवतीच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडून झिजल्या होत्या. "हे काय आठ दिसाचं न्हाई. लय वर्सांपासून खायलंय. तू नारळ फोडायच्या आदीच मेलेला व्हता त्यो."

मी तिथंच स्टुलावर बसलो. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला...

पुढं महिना गेला. आतल्या जोडणीचा नकाशा नाही, सुटे भाग परभणीत नाहीत. लिंबाचा रस आणि दात घासायचा जुना ब्रश, यांनी मामांनी तो हिरवा थर काढला. गेलेल्या रेघांच्या जागी जुन्या रेडिओच्या कॉइलमधली केसाएवढी तार डागली. किबोर्डाची बटणं ते डब्यातून घरी नेऊन धूत. भाकरी असेल म्हणून सुनंदानं डबा उघडला तर आत नुसती एबीसीडी! ज्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली, त्या दिवशी मालकांनी विचारलं, "झालं काय होतं हो?"

"बॅटरी गळली होती," मामा म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मालक गेल्यावर मी म्हणालो, "मामा, हे कसं फेडू?"

"गावाकडचा नारळ आण. कशावर फोडू नको, बाबा. खायचाय."

त्यानंतर माझं गावी जाणं झालंच नाही. डबा आता कॉम्प्युटरशेजारी आहे, आत तो झिजलेला ब्रश. डबा पिंगळीला परत करायचाय, पण रिकामा नाही. शिमग्याला जमलं तर शिमग्याला, नाहीतर पुढच्या खेपेला आईच्या झाडाचा नारळ घेऊन येईन, मामा. तुमच्याच ओट्यावर, रेडिओपासून चांगला लांब फोडीन, आणि डबा भरून सुनंदाच्या हातात देईन.