बिंबलाच्या रसाचा उगम

माझ्या मालतीवहिनीने माझ्या दादाला विष घातलं नव्हतं. एवढं साधं वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली. या पाच वर्षांत घरात तो विषय निघाला, की मला नेमकी खोकल्याची उबळ यायची, नाहीतर दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवायचे. (बायको म्हणते, लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत मी दोरीवरून काढले नाहीत तेवढे कपडे या पाच वर्षांत काढले.)

मुलुंडला आमची सोसायटी. दादा-वहिनी पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एकदा तेजश्री नावाची मुलगी आली. इंटरनेटवर आरोग्याची खात्रीची माहिती कशी शोधायची आणि भंपक माहिती कशी ओळखायची, हे ती वस्त्यावस्त्यांतून शिकवत असे.

"लिहिलंय कोणी ते बघायचं, कधी लिहिलंय ते बघायचं, आणि दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणी तेच दिलंय का ते शोधायचं," ती म्हणाली. "आणि काहीही पोटात घालण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं."

पुढच्या वर्गांना मदतीला तिला मंडळातलाच एक माणूस हवा होता. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, आवाज खणखणीत, आणि दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा बत्तीस वर्षांचा अनुभव. निवड बिनविरोध झाली! मला 'आरोग्य माहिती मित्र' असा बिल्ला मिळाला. तो मी दूध आणायला जातानासुद्धा लावत असे.

"अहो, दूधवाल्याला कळलंय आता," बायको म्हणायची. मी दुर्लक्ष करायचो. समाजकार्य करणाऱ्याला घरातून विरोध होतोच.

दुसऱ्या वर्गाला गृहपाठ होता. प्रत्येकाने आपल्याला आलेला एक मेसेज आणायचा आणि तो कोणाकडून आला, त्याला कोणाकडून आला, असं विचारत उगमापर्यंत जायचं. दादाने पहिला हात वर केला. दादाला मधुमेह.

"बिंबलाचा रस," तो म्हणाला. "रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर. साखर मुळापासून जाते. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलंय."

बिंबल म्हणजे कोकणात परसदारी लागणारं फळ. माशाच्या आमटीत चार टाकली तरी दात आंबतात. त्याचा ग्लासभर रस!

"दादा, तू खरंच पितोस हे?"

"महिना झाला. कुडाळहून मागवतो."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरांना कशाला विचारू? व्याह्यांनी पाठवलाय मेसेज!"

इथे वाद संपला. मुलीच्या सासऱ्याचा शब्द मोडणं आमच्या घराण्यात बसत नाही. दादाचे व्याही बोरिवलीला राहतात. त्यांनी मध्यंतरी फोन करून विचारलं होतं, "कसा वाटला रस?" दादा वाकडं तोंड करून म्हणाला, "उत्तम, उत्तम!" आणि दुसऱ्या दिवसापासून दीड ग्लास प्यायला लागला होता.

तेजश्रीने तिथल्या तिथे फोनवर शोधाशोध केली. तिचा चेहरा उतरला. "आजोबा, हा रस आजपासून बंद. किडनीला धोका असतो. उद्याच डॉक्टरांकडे जा."

रक्त तपासलं. क्रिएटिनिन चांगलंच वाढलेलं! डॉक्टर दादाला म्हणाले, "आणखी महिनाभर प्यायला असतात, तर आपली पुढची भेट डायलिसिसला झाली असती."

वहिनी पदराने डोळे पुसत होती. मी मात्र बिल्ला सरळ केला आणि दवाखान्याच्या बाहेरच गरजलो, "ज्याने कोणी हा मेसेज लिहिलाय, त्याला मी मंडळासमोर उभा करणार!"

कामाला लागलो. व्याही म्हणाले, "आमच्या मालाडच्या बहिणीने पाठवला हो." मालाडची बहीण म्हणाली, "मला फिलोमिनाने पाठवला. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तुमच्याच सोसायटीत राहते की!"

गुन्हेगार आमच्याच सोसायटीत! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढच्या वर्गाला मी फिलोमिनाबाईंना सर्वांसमोर बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यात एकही मेसेज पुसलेला नाही.

"अमेरिकेतला डॉक्टर वगैरे माझ्याकडे नव्हता हां," त्या फोनवर बोट सरकवत मला म्हणाल्या. "तो मालाडला नाहीतर बोरिवलीला चिकटला असेल. थांब रे नाना, घाई कशाला करतोस? दोन वर्षं मागे जायचंय... हां! आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला होता. पाठवणारी..." त्यांनी चष्मा वर केला. "अगं बाई. मालती, तू?"

सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. आणि फिलोमिनाबाईंनी मूळ मेसेज वाचला. "बिंबलाचा रस रोज उपाशीपोटी घेतल्यास मधुमेह समूळ नष्ट होतो, असा नामांकित तज्ज्ञांचा अनुभव आहे. तरी सदर फळांचा लाभ घ्यावा, ही विनंती."

तरी सदर फळांचा लाभ घ्यावा!

अख्ख्या मुलुंडमध्ये बिंबलाला 'सदर फळ' म्हणणारा माणूस एकच होता. त्याच्या छातीवर बिल्ला होता.

मग सगळं आठवलं. त्याच्या दोन वर्षं आधी कुडाळच्या चुलतभावाने मला गोणीभर बिंबलं पाठवली होती. "माका नको म्हणू नको, परत पाठवलंस तर बघ," असा प्रेमळ निरोपही होता. बायकोने लोणचं घातलं, सार केलं, आणि मग जाहीर केलं, "आता यातलं एक जरी फळ घरात दिसलं, तर मी माहेरी जाते." गोणी मी फाटकाजवळच्या बाकावर नेऊन ठेवली. दोन दिवस कोणी हात लावेना! तिसऱ्या दिवशी वहिनीने तिचा फोन भरलाय म्हणून साफ करायला माझ्याकडे दिला. ती होती आंघोळीला. महिला मंडळाच्या ग्रुपवर पुरुषांना प्रवेश नाही, आणि फळं नेणार तर बायकाच. मी वहिनीच्या फोनवरून मेसेज टाकला आणि तिला उगाच प्रश्न नकोत म्हणून तिच्या फोनमधून पुसूनही टाकला. तासाभरात गोणी रिकामी! त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

"मी नाही हो पाठवला," वहिनी रडकुंडीला आली. "मला मराठी टाइप तरी करता येतं का? भावजी, तुम्हीच सांगा ना! माझा फोन तुम्हीच बघता."

हीच वेळ होती. उभं राहून चार शब्द बोलायचे. मी उभाही राहिलो. समोर तेजश्री, मागे चाळीस म्हातारे, शेजारी दादा. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "वहिनी, चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो."

(हे मी बोललो. शुद्धीवर असताना.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे समजावलं, की बोट लागून मेसेज कसे जातात, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात कसं राहत नाही. बोलता बोलता इतका रंगलो, की शेवटी बिचारीला स्वतःचाच संशय यायला लागला! "असेल बाई," ती म्हणाली. "माझ्याच हातून गेला असेल." व्याह्यांना पाठवायचं माफीपत्रसुद्धा तिने माझ्याकडून लिहून घेतलं. त्यात 'सदर' हा शब्द मी कटाक्षाने टाळला.

रस बंद झाल्यावर दादाचे रिपोर्ट दीड-दोन महिन्यांत ताळ्यावर आले. वहिनीचं घरातलं स्थान मात्र परत ठिकाणावर आलं नाही. तिने ताट वाढलं, की दादा विचारतो, "ही आमटी कुठे वाचलीस?" पन्नास वर्षं जिच्या हातचं डोळे मिटून जेवला, तिच्या वाटीचा आता वास घेतो! तो हे चेष्टेने करतो. ती हसत नाही. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही ती पाठवत नाही. "नको बाई, कोणाचं काही व्हायचं," म्हणते.

मी प्रयत्न केले. पाडव्याला गेलो, तर तिने श्रीखंडाची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "भावजी, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून निभावलं." अशा वेळी श्रीखंड गिळता येतं, माफी मागता येत नाही.

गेल्या महिन्यात मात्र ठरवूनच पहिल्या मजल्यावर गेलो. दादा फिरायला गेलेला. वहिनी वाटाणे सोलत होती. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा पाठ केलं होतं. बसायच्या आधीच सुरुवात केली.

"वहिनी, त्या बिंबलाच्या मेसेजबद्दल बोलायला आलोय."

तिच्या हातातली शेंग खाली पडली. डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्यापुढे, वयाने तीन वर्षांनी लहान असलेल्या दिरापुढे, चक्क हात जोडले. "भावजी, चुकले मी. पाच वर्षं झाली. आता तरी मनातून काढून टाका ना!"

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"बरं वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही म्हणताय तर, केलं माफ."