पहिल्या रांगेतले धाकटे भावजी

अगं, जवळ सरक जरा. मी कागदावरून बोलतेय म्हणून तू लांब बसायला हवं असं कुठं आहे? साखरपुड्यापासून आमच्या धाकट्या भावजींवर रुसून बसलीयस. पुण्याहून येतेस, बजाजनगरात त्यांच्या दारावरून जातेस, आणि आत पाऊल टाकत नाहीस. सगळं कळतं मला. तर आधी एक ऐकून ठेव. या शहरात भांडवलशाही, उद्योग आणि नवनव्या कल्पना यांवर जेवढी भाषणं झाली, ती सगळीच्या सगळी ऐकलेला माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर, तुझा चुलत आजोबा आहे. वक्त्यांनीसुद्धा फक्त आपापलंच ऐकलंय!

साखरपुड्याच्या पंगतीत तुझ्या सासऱ्यांनी आपल्या कारखान्यातल्या नव्या यंत्राचं कौतुक सांगितलं, आणि यांनी मोठ्यानं विचारलं, "झकास! पण हे सुचलं कुणाला? नाव काय त्याचं?" सासऱ्यांनी नाव सोडून जिलेबीचा आग्रह सुरू केला, तू लाजेनं लाल झालीस, सगळी पंगत हसली. मी नाही हसले. कारण हा प्रश्न भावजींनी तुझ्या सासऱ्यांसाठी तयार केलेला नव्हता. त्याला तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झालीत.

भावजी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर होते. संध्याकाळी पाळी सुटली की माणसं घरी जातात, हे भाषणाला जायचे. मुंबईचा कुणी कारखानदार येवो, दिल्लीचा कुणी विचारवंत येवो, सभेआधी तासभर हे पहिल्या रांगेत हजर. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना 'निमंत्रित' असा कागद चिकटवलेला असतो ना, तो अलगद सोडवायचा, चौघडी घालून खिशात ठेवायचा आणि वर ऐटीत बसायचं. कुणी हटकलं तर म्हणायचे, "कुठं लिहिलंय?" असे गठ्ठाभर कागद त्यांच्या ट्रंकेत आहेत. सभेआधीचा समोसा मात्र शिवायचे नाहीत. म्हणायचे, "वहिनी, पोट भरलं की प्रश्न झोपतो."

आणि चिंचोके! सफारीच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके. वक्ता 'नवनिर्मिती' म्हणाला की एक चिंचोका उजवीकडून डावीकडं. घरी आले की हिशेब, "आज सत्तावीस. पण करून काय दाखवलं, ते एकदा बी नाय सांगितलं." एकदा एका बाईंनी दीड तासाच्या भाषणात तो शब्द एकदाही उच्चारला नाही. भावजी इतके खूश झाले, की उजवा खिसा भरलेला तसाच घेऊन त्यांच्या पाया पडायला गेले, आणि वाकताक्षणी सगळे चिंचोके व्यासपीठावर सांडले. त्या बाई बिचाऱ्या वेचायला लागल्या!

घरी आले की ऐकलेलं सगळं माझ्या धाकट्या जाऊबाईंना समजावून सांगायचे. त्या वाटाणे सोलत बसलेल्या. "अगं, भांडवल वेगळं आणि कल्पकता वेगळी, नीट ध्यानात घे." जाऊबाई मान वर न करता म्हणायच्या, "कळलं की. शिलाई मशीन म्हंजी भांडवल, अन् तुमच्या फाटक्या पँटीची पिशवी केली ती कल्पकता. त्येच्यासाठी चार घंटे खुर्ची कशाला तापवायची?" भावजींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, 'एक विचारवंत.'

आता प्रश्नाचं सांगते. मोठ्या सभेत उठून विचारायची सोय नसते. चिठ्ठीवर लिहून द्यायचं, निवेदक त्यातल्या दोन-चार वाचतो. भावजींचं अक्षर म्हणजे लेथवरून पडलेला पितळेचा कीस. म्हणून चिठ्ठी लिहायला माझ्याकडं यायचे. मी शाळेत चारच दिवस गेलेली, गुलमंडीतल्या कापड दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले, पण पाट्या वाचून शिकलेलं अक्षर मोठं आणि ठसठशीत येतं. मी लिहायची, "यंत्रापाशी उभ्या माणसाला कल्पना सुचली, तर तिला नाव कुणाचं लागतं?" प्रत्येक सभेला हीच चिठ्ठी. आणि प्रत्येक वेळी निवेदक म्हणायचा, वेळेअभावी उरलेले प्रश्न घेता येत नाहीत. भावजी परत यायचे, चप्पल काढता काढता म्हणायचे, "वहिनी, आज बी वेळेअभावी."

त्यामागं काय होतं ते जाऊबाईंनी मला सांगितलं. लेथवरून उतरलेले पितळी बुश, म्हणजे बोटभर नळकांड्या, खालच्या पेटीत पडायचे. पॅकिंगच्या बाया दिवसभर वाकून वाकून ते उचलायच्या. भावजींनी बागेतली घसरगुंडी पाहिली, आणि पत्रा वाकवून तशीच एक मशीनला जोडली. बुश आपोआप घरंगळत बायांच्या टेबलावर. बायांच्या कमरा वाचल्या. त्या घसरगुंडीला बक्षीस मिळालं, फोटो लागला, आणि फोटोखाली नाव लागलं वरच्या साहेबांचं. भावजी भांडले नाहीत. भाषणं ऐकायला लागले.

मग तो दिवस आला. एक म्हातारे, नावाजलेले कारखानदार बोलायला येणार होते. जाऊबाई आणि मी गुलमंडीत खणाचं कापड बघायला गेलो होतो. त्यांचे पाय दुखायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "चला, पलीकडं ह्यांची सभा हाय, तितं बसू. गार हवा तरी लागंल." एवढ्याच कारणानं त्या जन्मात पहिल्यांदा भाषणाला आल्या. भावजी पहिल्या रांगेत, चिठ्ठी हातात. आम्ही मागं.

कारखानदार छान बोलत होते. कल्पना कुठून येतात ते सांगता सांगता त्यांनी पडद्यावर एक जुना फोटो दाखवला. "बघा, याच शहरातल्या आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या अधिकाऱ्यांची ही साधी पण केवढी मोठी कल्पना!" मी पाहते तर पत्र्याची घसरगुंडी. भावजींची पाठ दिसत होती मला. ती पाठ एकदम दगडासारखी झाली. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी प्रश्न घोटला, तो क्षण आला, आणि चिठ्ठी त्यांच्या हातातच राहिली.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "अवो, ते माझं पोतं हाय!"

सगळं सभागृह मागं वळलं. जाऊबाई उभ्या. "त्या खालच्या टोकाला बांधलंय ते! ज्वारीचं पोतं! माझ्याच लुगड्याच्या हिरव्या काठाचं ठिगळ हाय त्याला. मी सहा महिने घरभर हुडकलं, अन् ह्ये म्हणले उंदरांनी नेलं!"

लोक हसून हसून आडवे. कारखानदारांनाही हसू आवरेना. त्यांनी विचारलं, "पण आजी, तिथं पोतं कशासाठी बांधलं होतं?"

"मला काय ठावं? ह्यांना इचारा. ते बघा बसल्यात मुक्यावानी."

आता मात्र भावजी उठले. चिठ्ठी खिशात घातली आणि सावकाश म्हणाले, "साहेब, पत्र्यावरून बुश जोरात खाली यायचा, ठोकर बसून कड दबायची. रबर मागितलं, अर्ज मंजुरीला गेला. मंजुरी येईस्तोवर पोतं बांधलं. मंजुरी अजून आली नाय."

हसू थांबलं. कारखानदार फोटोकडं बघत राहिले, मग भावजींकडं. "म्हणजे हे तुम्ही केलंय?"

"पत्रा कंपनीचा, पोतं हिचं. कल्पना तेवढी माझी."

कारखानदार व्यासपीठाच्या कडेला आले. म्हणाले, "मी हा फोटो गावोगाव दाखवतो. पुढच्या खेपेपासून तुमचं नाव सांगेन. नाव काय तुमचं?" भावजींनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव, खातं आणि टोकन नंबरसुद्धा सांगितला, आणि हजेरी झाल्यासारखे खाली बसले. त्या दिवशी त्यांनी दोन समोसे खाल्ले.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. पुढच्या महिन्यात परत चिठ्ठी घेऊन दारात! मी म्हटलं, "भावजी, आता कशाला? मिळालं की तुमचं नाव." तर म्हणाले, "माझं झालं, वहिनी. बाकीच्यांचं?"

आता कळलं, तुझ्या सासऱ्यांना का विचारलं ते?

जाऊबाई जाऊन दोन वर्षं झाली. भावजींना आताशा ऐकू कमी येतं, भाषणं सुटली. ओट्यावर बसून पाळीला जाणाऱ्या पोरांकडं बघत असतात. मी गेले आणि फार वेळ बोलले, की हळूच एक चिंचोका इकडून तिकडं सरकतो. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "पोरीच्या सासऱ्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं का वो?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "ती पोरगी येत नाय आता."

म्हणून म्हणते, लवकर ये. जमलं तर सासऱ्यांना तेवढं नाव विचारून ये. नाही मिळालं तरी ये. ओट्यावर त्यांच्या शेजारी एक खुर्ची मांडलेली असते. मी बसायला गेले तर मला उठवलं. पाहिलं, तर खुर्चीच्या पाठीला ट्रंकेतला जुना कागद चिकटवलेला होता, 'निमंत्रित'.